हाडांची वीज

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, माझा आवाज या क्षणी तुमच्या घरात पोचतो आहे तो विद्युतचुंबकीय लहरींवरून. याच लहरींबद्दल आज बोलायचे आहे, आणि त्यांच्याबरोबर आपल्या हाडांबद्दल. दोन्हींचा काय संबंध, असे कुणाला वाटेल. पण अमरावती-अकोल्याच्या बाजूला विज्ञानाच्या इतिहासावर बोलायला गेलो, की भाषण संपल्यावर हा संबंध श्रोतेच जोडतात. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात एखाद्या काकू विचारतात, "समोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसला तेव्हापासून माझे गुडघे धरले. हाडं वाचवायला काय करावं?" खेड्यात एखादा शेतकरी उठून म्हणतो, "माह्या वावरातून हाय टेन्शनची लाइन गेली जी. तिच्यानं हाडं पोकळ होतात म्हनतात, खरं हाय काय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या भीतीपायी माणसे पैसे घालवतात. किरणे शोषून घेणारी चकती, मोबाइलला चिकटवायची चिप, घरात टांगायचे पिरॅमिड, सगळे बाजारात मिळते. त्याहून वाईट म्हणजे हाडे खरोखर कशाने झिजतात ते पाहायचे राहून जाते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासातून द्यायचे ठरवले आहे. वीज आणि हाड यांची ओळख जुनी आहे, आणि ती भीतीने सुरू झालेली नाही.

भीती आली कुठून?

आपल्या भागाला वीज परकी नाही. अकोल्याजवळ पारसचे औष्णिक वीज केंद्र कित्येक वर्षे चालू आहे. विदर्भातल्या वीज केंद्रांची वीज पश्चिम महाराष्ट्राकडे नेणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्या वऱ्हाडातल्या पऱ्हाटीवरून, तुरीवरून जातात. मोबाइल मात्र अलीकडचा. भारतातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टॉवर तालुक्याच्या गावापर्यंत येऊन ठेपला.

भीतीचा उगम मात्र परदेशात आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात वर्थायमर आणि लीपर या दोन संशोधकांनी, विजेच्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त दिसते, असे मांडले. त्यावर जगभर अभ्यास झाले. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने विजेच्या तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राला "कदाचित कर्करोगकारक" या गटात घातले. २०११ मध्ये मोबाइलच्या लहरीही त्याच गटात गेल्या. "कदाचित" या शब्दाचे वजन किती, हे कळण्यासाठी एवढेच सांगतो की त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या आहेत आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा अपुरा आहे, पण विषय बंद करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या सरकारने खबरदारी म्हणून १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

या साऱ्या वादात विषय होता कर्करोगाचा. हाडांचे नाव त्यात जवळजवळ नव्हतेच. हाडांवर जे थोडे अभ्यास झाले त्यांतला एक तुर्कस्तानातला, २००९ मधला. मोबाइल कमरपट्ट्याला लावून हिंडणारे १५० पुरुष घेऊन डॉक्टरांनी त्यांच्या कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची घनता मोजली. मोबाइलच्या बाजूला ती किंचित कमी भरली, पण हा फरक इतका लहान होता की तो निव्वळ योगायोगही असू शकतो, असे आकडेशास्त्राने सांगितले. अशा तुटपुंज्या निष्कर्षाचे बातमीपर्यंत येईतो "मोबाइलने हाडे ठिसूळ होतात" असे होऊन बसते.

यारीची रेघ आणि मांडीचे हाड

आता जरा मागे जाऊ. १८६६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात फोन मायर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीचे हाड उभे चिरून ठेवले होते. वरच्या टोकाला आतून हाडाच्या बारीक काड्यांची जाळी दिसते, ती त्याला दाखवायची होती. पाहणाऱ्यांत कार्ल कुलमान हा पूल आणि यंत्रे यांच्या गणिताचा प्राध्यापक होता. जड ओझे उचलणाऱ्या यारीवर ताण कुठून कसा जातो, याच्या रेघा तो कागदावर काढत असे. हाडातल्या काड्या त्याच रेघांवरून गेलेल्या त्याला दिसल्या.

हे सूत्र पुढे नेले बर्लिनच्या युलिउस वोल्फ या शल्यचिकित्सकाने. १८९२ मध्ये त्याने ग्रंथ लिहून नियम मांडला, की हाडावर जसा भार पडतो तसे हाड स्वतःला घडवते. भार वाढला की भर घालते, भार गेला की आपले सामान आवरते. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या दंडाचे हाड दुसऱ्या दंडापेक्षा कितीतरी जाड असते. उलट अंतराळवीर शरीराचा भारच नाहीसा झाल्याने कंबर आणि मांडीच्या हाडांतले महिन्याला एक ते दीड टक्का द्रव्य गमावतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचेही थोड्याफार फरकाने तेच होते.

पण हाडाला भार कळतो कसा? या प्रश्नाचा एक धागा जपानमध्ये सापडला. १९५७ मध्ये एइइची फुकादा हा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक आणि इवाओ यासुदा हा अस्थिशल्यचिकित्सक, या दोघांनी दाखवले की वाळलेल्या हाडाचा तुकडा दाबला किंवा वाकवला की त्यात बारीकशी वीज निर्माण होते. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये खटका दाबला की ठिणगी पडते, तोच हा गुणधर्म. पुढे कळले की जिवंत, ओल्या हाडात वीज निर्माण होण्याचे मोठे कारण वेगळे आहे. हाड किंचित वाकले की त्यातल्या सूक्ष्म नळ्यांमधून क्षारयुक्त द्रव सरकतो, आणि त्या सरकण्यातून वीज तयार होते. हाडात दडलेल्या पेशींना द्रवाची ती हालचाल जाणवते आणि त्या निरोप देतात: इथे भर घाला, तिथे काढून घ्या. म्हणजे श्रोतेहो, आपण एक पाऊल टाकतो तेव्हा प्रत्येक वेळी आपल्या मांडीच्या हाडात इवलीशी वीज चमकून जाते.

यातून उलट विचार सुचणे साहजिक होते. भाराने वीज होते आणि तिच्या साथीने हाड घडते, तर बाहेरून वीज दिली तर? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू बॅसेट या अस्थिशल्यचिकित्सकाने यावर काम केले. महिनोन्‌महिने न जुळणाऱ्या हाडाभोवती तारेचे वेटोळे ठेवून त्यातून थांबून थांबून चुंबकीय क्षेत्र द्यायचे, असे त्याचे यंत्र होते. १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अशा उपचाराला परवानगी दिली. सर्वच चाचण्यांत त्याला सारखे यश आलेले नाही, पण उपचार टिकून आहे.

गंमत पाहा. १९७९ या एकाच वर्षी डेन्व्हरमध्ये विद्युतचुंबकीय क्षेत्राची भीती जन्मली, आणि त्याच देशात तेच क्षेत्र मोडलेले हाड सांधायला मान्य झाले. हाड सांधणाऱ्या यंत्रातले क्षेत्र शेकडो मायक्रोटेस्लांपासून हजार-दोन हजार मायक्रोटेस्लांपर्यंत असते आणि ते रोज काही तास द्यावे लागते. मोठ्या वीजवाहिनीच्या अगदी खाली उभे राहिले तर सहसा काही मायक्रोटेस्ला, फार तर काही दशक मायक्रोटेस्ला भरतात आणि बाजूला सरकले की तेही झपाट्याने उतरतात. विजेच्या वारंवारतेला सामान्य नागरिकांसाठी आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये मर्यादा घातली आहे ती २०० मायक्रोटेस्लांची. एवढ्या क्षीण क्षेत्राने वावरातल्या माणसाची हाडे पोकळ होतात, याला पुरावा नाही.

बर्लिनचा दिवा आणि नाशिकचा पडदा

आता दुसरी गोष्ट, तीही बर्लिनमध्येच घडलेली. पहिल्या महायुद्धानंतर तिथली मुले मुडदुसाने पिचली होती. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकण्याचा रोग. १९१९ मध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात बसवले. काही आठवड्यांत क्ष-किरणांच्या चित्रांत त्यांची हाडे भरू लागलेली दिसली. अतिनील प्रकाश, क्ष-किरण, आपला रेडिओ, मोबाइल ही सारी एकाच विद्युतचुंबकीय घराण्यातली भावंडे. फरक ऊर्जेचा. क्ष-किरण पेशीला इजा करण्याइतके जोरकस, म्हणून ते गरजेपुरतेच घ्यायचे. रेडिओ आणि मोबाइलच्या लहरींत तेवढी ताकद नाही. मधल्या अतिनील प्रकाशाच्या एका पट्ट्यातून मात्र आपली त्वचा ड जीवनसत्त्व बनवते आणि त्याच्याविना अन्नातला कॅल्शियम हाडापर्यंत नीट पोचत नाही.

सूर्यप्रकाशाचा हा धागा त्याआधी १८९० मध्येच थिओबाल्ड पाम या इंग्रज मिशनरी डॉक्टरने ओळखला होता. जपानमध्ये राहून आलेल्या पामला तिथे मुडदूस दिसला नव्हता आणि इंग्लंडच्या धुरकट शहरांत तो पदोपदी दिसत होता. त्याने ठिकठिकाणच्या डॉक्टरांना पत्रे पाठवून माहिती जमवली आणि उन्हाची कमतरता हे कारण सांगितले. फारसे कुणी ऐकले नाही.

आपल्याला जवळचा पुरावा नाशिकचा आहे. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिकमध्ये केलेली पाहणी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सुखवस्तू घरांतल्या, पडद्यात वाढणाऱ्या मुली-बायांत आणि त्यांच्या मुलांत हाडे मऊ पडण्याचा रोग त्यांना आढळला. त्या घरांत खाण्यापिण्याची ददात नव्हती. उलट ज्यांच्या ताटात धड काही पडत नव्हते, पण ज्यांचा दिवस उघड्यावर, रानात जात होता, त्या गरिबांच्या मुलांत तो रोग जवळजवळ नव्हता. उन्हाच्या देशात राहूनही ऊन अंगाला लागू दिले नाही तर काय होते, हे शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच लिहून ठेवले गेले.

इतिहासातून आपण धडा घेतला असता तर २००० मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. रवींदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष वाचून धक्का बसला नसता. धडधाकट दिल्लीकरांच्या रक्तातही ड जीवनसत्त्व फार कमी निघाले. मग देशभर तेच चित्र दिसत गेले.

अमरावतीकर बर्लिनला गेले तेव्हा

तिसरी गोष्ट सांगताना वऱ्हाडी माणसाची मान ताठ व्हावी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी घातला. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाच्या चमूने तिथे जाऊन कबड्डीसह भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. ज्या शहरात वोल्फने भाराचा नियम लिहिला आणि हुल्डशिन्स्कीने प्रकाशाचा प्रयोग केला, त्याच शहरात अमरावतीच्या मातीतले गडी उतरले होते. त्यांना वोल्फ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण आखाड्याची सारी पद्धत पाहा: जोर, बैठका, उड्या, मल्लखांब, आणि तेही सकाळच्या उन्हात, उघड्या अंगाने. हाडाला हवे असलेले भार आणि प्रकाश एकाच ठिकाणी.

फार काळ घाम गाळावा लागतो असेही नाही. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅन्यन या संशोधकांनी कोंबड्यांच्या पंखाच्या हाडावर ठरावीक भार देऊन मोजले. दिवसाला अवघ्या चार वेळा भार दिला तरी हाडाची झीज थांबली, ३६ वेळा दिला तर हाड वाढले आणि त्याहून शेकडो वेळा जास्त दिल्याने अधिक लाभ झाला नाही. कोंबडीचे गणित माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही, पण दिशा कळते. हाडाला थोडा पण जोमदार, धक्क्याचा भार आवडतो. आपल्या बायकांची फुगडी आणि झिम्मा, मुलींची लंगडी आणि दोरीवरच्या उड्या यांत नेमके तेच होते. खेळ सुटले आणि तो भारही सुटला.

आजच्या वऱ्हाडात

आता आपल्या आजूबाजूला पाहू. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा उन्हापासून जीव वाचवणे शहाणपणाचेच आहे. पण कॉलेजला जाणारी मुलगी डोक्यापासून नखापर्यंत स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे घालून बारा महिने फिरते, उरलेला दिवस वर्गात आणि क्लासमध्ये काढते, तेव्हा नाशिकचा तो पडदा नव्या रूपात परत आलेला असतो. सूर्य पुरेसा वर आला आहे की नाही, हे कळायला घड्याळही नको. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली की उपयोगाचे ऊन आले असे समजावे. आपल्याकडे उन्हाळ्यात हे सकाळी नऊ-सव्वानऊलाच घडते, पारा चढण्याआधी. डिसेंबरात मात्र त्यासाठी दुपारी साडेबाराच्या सुमाराला अंगणात यावे लागते. पहाटेचे कोवळे ऊन मनाला बरे वाटते, पण त्यातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही.

दुसरीकडे, कापूस वेचणाऱ्या मजूर बाईला ऊन आणि कष्ट भरपूर आहेत. तिची अडचण ताटात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न यांनी २००५ मध्ये तिथल्या गरीब स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायकांच्या पोटात दिवसाला तीनशे मिलिग्रॅमहूनही कमी कॅल्शियम जात होता आणि तिशी ते साठीच्या वयातच कित्येकींची हाडे ठिसूळ झालेली होती. त्याच राष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतो. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण पोट भरते, पण कॅल्शियम फार देत नाही. तो मिळतो दूध-दह्यात, शेवग्याच्या पाल्यात, तिळाच्या चटणीत आणि नाचणीत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतो. साठीनंतर कंबरेत वाकलेली बुढी आपल्याला "वयानं झालं" म्हणून दिसते. तिचा हिशोब मात्र चाळीस वर्षे आधी ताटात सुरू झालेला असतो.

आणि टॉवर? मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या दुर्गम गावांत, लोकांचे गाऱ्हाणे उलटे होते. टॉवर नाही म्हणून रेंज नाही, आणि रेंज नाही म्हणून अडलेल्या बाळंतिणीसाठी किंवा पडून मांडी मोडलेल्या म्हाताऱ्यासाठी २०१४ पासून सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येत नाही. मोडलेल्या हाडाच्या दृष्टीने जवळचा टॉवर हा शत्रूपेक्षा सोबतीच म्हणायचा.

विजेची खरी भीती

याचा अर्थ विजेपासून हाडांना धोकाच नाही असे कुणी समजू नये. धोका आहे, तो धक्क्याचा. जोराचा शॉक बसला की अंगातले स्नायू एकदम इतके आवळतात की खांदा निखळतो, कधी मणकाही मोडतो. खांबावरून किंवा झाडावरून पडून मोडणारी हाडे वेगळीच. तुटून लोंबणारी तार, अर्थिंग नसलेला पाण्याचा पंप, ओल्या हाताने लावलेला स्टार्टर, रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेला प्रवाह ही वऱ्हाडातली खरी विद्युतचुंबकीय संकटे. उच्च दाबाच्या वाहिनीखालून जाणाऱ्या तारेच्या कुंपणाला हात लावताच मुंग्या आल्या, तर ते कुंपण जमिनीला नीट जोडून घ्यावे. वाहिनीखाली उंच शिडी, लांब पाइप उभा धरू नये. चिप आणि पिरॅमिडचे पैसे अर्थिंगवर खर्चले तर जीव आणि हाडे दोन्ही वाचतील.

टॉवरची शंका असेल तर मोजणी मागण्याचा नागरिकाला हक्क आहे, तो जरूर बजावावा. मोबाइल रात्री उशाशी न ठेवणेही बरे, निदान झोप तरी शांत लागेल. पण हाडांसाठी वेगळे कवच घ्यायची गरज नाही. काकूंना मी एवढेच सांगतो की गुडघ्याचे दुखणे डॉक्टरांना दाखवा, ते बहुधा सांध्याच्या झिजेचे असते. रक्तातले ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. रोज थोडे चाला आणि झेपेल तसे जिने चढा. घरातल्या नातीला सनकोट काढून अर्धा तास अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लावा. तिच्या हाडांत जी भर पडायची ती बहुतेक तिशीच्या आत पडते. पुढचे आयुष्य त्या पुंजीवर काढायचे असते.